ग्दान्स्क पाहायचं तर पाण्याकडून या

पोलंडमधलं ग्दान्स्क हे बंदराचं शहर मी दोनदा पाहिलं. पहिल्यांदा २००९ च्या जानेवारीत. आमची बोट दुरुस्तीसाठी तिथं ड्राय डॉकला लागली होती आणि मी तिच्यावर सेकंड इंजिनिअर होतो. मुक्काम सदतीस दिवस. दुसऱ्यांदा २०२४ च्या जूनमध्ये, निवृत्त होऊन, बायकोला घेऊन, पाच दिवस.

पहिल्या खेपेला शहर मागच्या दारानं पाहिलं. गोदी, गंज, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि संध्याकाळी बर्फ तुडवत जाऊन गाठलेली एखादी खानावळ. दुसऱ्या खेपेला हातात ट्रॅव्हलवाल्यांचा कागद होता. त्यात सगळे जातात तो क्रम दिलेला: सोनेरी दरवाजा, लांब रस्ता, नेपच्यूनचं कारंजं, फोटो, जेवण. अर्ध्या दिवसात कागद संपला. कारंज्यापाशी बसून बायको म्हणाली, "देखणं आहे, पण एवढा पैसा इथं आला कुठनं?"

या शहरात विचारायचा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर त्या रस्त्यावर नाही, बंदरात आहे. दुसऱ्या दिवशी कागद खिशात घातला आणि उलटं सुरू केलं. आधी समुद्राचं तोंड, मग नदी, मग धान्याची कोठारं, आणि देखणा रस्ता सगळ्यात शेवटी. माल ज्या वाटेनं आत आला त्याच वाटेनं आपणही आत यायचं. तुम्ही जाणार असाल तर तसंच करा.

निघण्याआधी

विमानतळ शहरातच आहे, पण वॉर्सा पाहून येणार असाल तर आगगाडी बरी, पावणेतीन-तीन तासांत पोचवते. व्हिसा शेंगेन. चलन झ्वॉती, युरो नव्हे. जून ते ऑगस्ट हवा उत्तम आणि जूनमध्ये तर सूर्य रात्री सव्वानऊपर्यंत हलत नाही. डिसेंबरात हाच सूर्य साडेतीनच्या आत मावळतो. जानेवारीतही फार वेगळं नसतं. अंधारात डॉकवर जायचो, अंधारात परत यायचो. जुलैच्या शेवटापासून तीन आठवडे संत दॉमिनिकची जत्रा भरते. ती १२६० पासूनची आहे. जत्रा आवडत असेल तर त्याच वेळी जा, शांतता हवी असेल तर त्याच वेळी टाळा.

उच्चाराची एक किल्ली सांगून ठेवतो. पोलिश लिपीत 'एल' अक्षराच्या पोटातून तिरकी रेघ गेलेली दिसली की तो 'ल' राहत नाही, 'व' होतो. आपल्या वर्तमानपत्रांनी ज्याला वर्षानुवर्षं 'लेक वालेसा' लिहिलं तो इथल्या गोदीतला कामगार नेता म्हणजे लेख वावेंसा. शहरातली नदी मोत्वावा, मोठी नदी विस्वा. एवढं कळलं की रिक्षावाल्याला पत्ता सांगितल्यासारखा बसवाल्यालाही सांगता येतो.

तिकिटाचंही सांगतो. कागदी तिकीट काढलं म्हणजे काम झालं असं नाही. डब्यातल्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळ छापून घ्यावी लागते. २००९ मध्ये मी कोरं तिकीट अभिमानानं तपासनिसापुढं धरलं. दंड भरला, पावती मिळाली. ती पावती अजून जपून ठेवली आहे, कारण त्या प्रवासातला छापील कागद म्हणावा असा तेवढाच.

पहिला दिवस: समुद्राचं तोंड

जुन्या शहरातल्या धक्क्यावरून उन्हाळ्यात बंदराच्या तोंडाशी असलेल्या वेस्टरप्लाटेला बोटी सुटतात. त्यातली एक पकडा. परत यायला बस आहे, पण जाताना बोटच हवी. पाऊण-एक तास लागतो आणि तेवढ्यात शहराचा धंदा डोळ्यांसमोरून सरकतो. आधी हॉटेलं झालेली कोठारं, मग हिरव्या क्रेन, मग तरंगत्या डॉकांत पोट वर काढून उभी असलेली जहाजं, मग कोळसा, गंधक, धान्य.

पाण्याकडे नीट पाहा. ही विस्वा नदी, पण तिला प्रवाह नाही. पूर्वी अर्ध्या पोलंडचं पाणी इथून समुद्रात जायचं आणि बर्फ फुटला की पूर यायचा. म्हणून १८९५ मध्ये पूर्वेला नवा कालवा खणून नदीला सरळ समुद्रात सोडलं आणि जुन्या फाट्याची दारं बंद केली. प्रवाह नाही म्हणून या पाण्याला नाव पडलं 'मार्त्वा विस्वा', म्हणजे मेलेली विस्वा. बंदराला अशी मेलेली नदीच सोयीची, गाळ येत नाही.

भरती-ओहोटीही नाही. भाऊच्या धक्क्यावर पाणी चार-चार मीटर चढतं-उतरतं, ते पाहत वाढलेल्या माणसाला हे विचित्र वाटतं. गँगवे, म्हणजे बोटीवर चढायची शिडी, सकाळी जसा लावला तसाच संध्याकाळी. आणि पाणी चाखून पाहा, वेस्टरप्लाटेच्या पलीकडे कुठंही. आमटीत मीठ घालायचं अर्धं विसरलं की जशी लागते तशी चव. अरबी समुद्राच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकं मीठ. याला बोटीवर महत्त्व आहे. खारं पाणी बोटीला जास्त उचलून धरतं, गोडं कमी. तीच बोट, तोच माल, पण इथं ती पंधरा-वीस सेंटिमीटर जास्त खाली बसते. चीफ ऑफिसर डेन्मार्कच्या सामुद्रधुनीत शिरायच्या आधीच हे गणित पुन्हा मांडून बसलेला असतो, कारण तिथून पंधरा-साडेपंधरा मीटरपेक्षा जास्त खोल बसलेलं जहाज आत येऊच शकत नाही.

ग्दान्स्कचं आजचं नशीब याच आकड्यात आहे. जुन्या बंदराचं पाणी उथळ होतं. १९७० च्या दशकात उघड्या खाडीच्या बाजूला 'उत्तर बंदर' बांधलं, आधी कोळसा आणि तेलासाठी. २००७ मध्ये त्याच्याच शेजारी खोल पाण्याचं कंटेनर टर्मिनल सुरू झालं. जे जहाज बाल्टिक समुद्रात शिरू शकतं ते इथं लागू शकतं. पूर्वी चीनचा माल हॅम्बर्गला उतरून लहान बोटींनी इकडे यायचा. आता चारशे मीटर लांबीची जहाजं थेट इथं येतात. २०२२-२३ मध्ये रशियाचं तेल आणि कोळसा बंद झाल्यावर पोलंडचं आणि पूर्व जर्मनीतल्या रिफायनऱ्यांचंही बरंच तेल इथूनच उतरायला लागलं. २०२३ मध्ये या बंदरानं ८१ दशलक्ष टन माल हाताळला.

टर्मिनलमध्ये पर्यटकाला कोण सोडणार? पण युक्ती आहे. ट्रामनं स्तोगीच्या किनाऱ्यावर जा. पांढरी वाळू, टॉवेल पसरून पडलेली कुटुंबं, आइस्क्रीम, आणि डाव्या हाताला आकाशात गेलेल्या कंटेनर क्रेन. बायको समुद्र पाहत होती, मी क्रेन. एका कंटेनरला उचलून ठेवायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजत बसलो. दोन मिनिटांच्या आसपास. बायकोनं तिसऱ्या मोजणीनंतर घड्याळ काढून घेतलं.

वेस्टरप्लाटेला काय आहे? झाडी, फुटकी बराक, एका टेकाडावर १९६६ चं उंच दगडी स्मारक, आणि 'पुन्हा युद्ध नको' अशी मोठ्या अक्षरांची पोलिश पाटी. जागा समजायला थोडी पार्श्वभूमी लागते. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, हे शहर ना जर्मनीला दिलं ना पोलंडला. डान्झिग नावाचं मुक्त शहर केलं, राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली. वस्ती बहुतेक जर्मन. पोलंडला बंदर वापरायचा हक्क, स्वतःचं पोस्ट ऑफिस, आणि वेस्टरप्लाटेवर दारूगोळ्याचं छोटं ठाणं. ही व्यवस्था टिकणार नाही हे पोलंडनं ओळखलं आणि शेजारच्या गदिनिया नावाच्या कोळीवाड्यात स्वतःचं बंदर उभारलं. १९२६ मध्ये गदिनियाला शहराचा दर्जा मिळाला. याच गदिनियाहून १९५० च्या दशकात 'बातोरी' नावाची प्रवासी बोट मुंबईला यायची.

२५ ऑगस्ट १९३९ ला 'श्लेस्विग-होल्स्टाइन' ही जुनी जर्मन युद्धनौका सदिच्छाभेटीला म्हणून आली आणि समोरच्या धक्क्याला लागली. १ सप्टेंबरला पहाटे पावणेपाचच्या सुमाराला तिनं तोफा उघडल्या. दुसरं महायुद्ध सुरू झालं ते इथं. आत सुमारे दोनशे माणसं होती, मेजर हेन्रिक सुखार्स्की त्यांचा प्रमुख. ती सात दिवस लढली. पुस्तकात हे सगळं माहीत असतं. धक्क्यावर उभं राहून पाहिलं तर कळतं की मधलं पाणी किती अरुंद आहे. एवढ्या अंतरावर आम्ही दोर फेकतो.

दुसरा दिवस: क्रेन, कोठारं आणि एक जुनी बोट

मोत्वावाच्या काठावर विटांच्या दोन बुरुजांमध्ये काळ्या लाकडाचं एक धूड पुढं झुकलेलं दिसेल. तीच झुराव, १४४० च्या दशकातली क्रेन. नवी डागडुजी होऊन २०२४ च्या एप्रिलअखेर पुन्हा उघडली, तेव्हा आत जाच. वर लाकडाची अजस्र चाकं आहेत, माणूस आत उभा राहून चालू शकेल एवढी. माणसं आत चालायची, चाक फिरायचं, दोर गुंडाळला जायचा. चार टन वजन अकरा मीटर वर. माल तर उचलायचेच, शिवाय जहाजावर डोलकाठ्या बसवायचं कामही हीच करायची. मी चाकाच्या कडेला हात लावून उभा राहिलो आणि विचार आला की यात ब्रेक कुठं? दोर सुटला तर आतल्या माणसाचं काय? उत्तर विचारायला कुणी नव्हतं. १९४५ मध्ये लाकूड जळून गेलं, बुरुज फुटके उरले. आता दिसतं ते लाकूड युद्धानंतरचं आहे.

पलीकडे कोठारांचं बेट. शहराचा पैसा इथं साठवलेला होता. पोलंडच्या आतल्या मुलखात राय (गव्हासारखं एक धान्य) पिकायची. वसंतात पाणी वाढलं की ती सपाट बोटींत आणि तराफ्यांवर भरून विस्वेतून खाली आणायची, इथं कोठारात टाकायची, आणि डच जहाजांनी ती अ‍ॅमस्टरडॅमला न्यायची. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात हा धंदा शिगेला होता. त्या काळी बेटावर तीनशेहून अधिक कोठारं होती. रात्री माणसांना बंदी आणि पहारा मोकाट सोडलेल्या कुत्र्यांचा. पिकवणारा वेठीला, जमीनदार कर्जात, आणि मधला व्यापारी देखण्या रस्त्यावर चार मजली घरात. शहर १४५४ पासून पोलंडच्या राजाच्या छत्राखाली होतं, पण राजापेक्षा आपली तिजोरी मोठी हे व्यापाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

बेटाच्या पूर्वेकडच्या कडेला दोन गोल बुरुज आहेत, एक लठ्ठ, एक बुटका. त्यांचं नाव दुधाच्या चरव्या. माझ्या आजोबांची इथं आठवण आली. १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. आजोबा तिथं दूध घालायचे. त्यांना पोलिश शब्द दोनच यायचे, 'म्लेको' म्हणजे दूध आणि 'ख्लेप' म्हणजे पाव. लहानपणी ते आम्हाला ते शब्द मंत्रासारखे म्हणून दाखवत. बुरुजाखालच्या पाटीवर मला त्यातला पहिला ओळखीचा दिसला.

समोर ओवोव्यांका बेटावर 'सोव्देक' उभी आहे. बाकी काही वगळा, ही वगळू नका. युद्धानंतर पोलंडमध्ये बांधलेलं पहिलं समुद्री मालवाहू जहाज. ६ नोव्हेंबर १९४८ ला याच शहरात पाण्यात उतरलं. नाव कुठल्या राजाचं नाही, गोदीतल्या स्तानिस्वाव सोव्देक या कामगाराचं. त्याचं काम पत्र्यावर आखणी करायचं. इंजिनरूममध्ये उतरायला मिळतं. शिडीला पाठ करून उतरू नका, तोंड शिडीकडे. वाफेचं इंजिन आहे, वरून पाहिलं तर सगळे दांडे, सांधे, तेलाच्या वाट्या उघड्या. आमच्या काळातलं इंजिन म्हणजे बंद कपाट, आवाजावरून आजार ओळखायचा. इथं सगळं अंग उघडं. आमचा रत्नागिरीचा ऑइलर २००९ मध्ये हे पाहून म्हणाला होता, "साब, ह्यात हात घालायची जागा तरी आसा." तिथल्या पितळी झडपांवर अजून हाताच्या घर्षणाची चमक आहे. बेटावर जाणारा पूल बोटींसाठी ठरावीक वेळेला उचलला जातो. वेळा पुलापाशीच लिहिलेल्या असतात, त्या आधी वाचा.

आता देखणा रस्ता, पण मागच्या बाजूनं

पैसा कसा आला ते कळलं, आता तो कुठं गेला ते पाहा. हिरव्या दरवाजातून, म्हणजे नदीच्या बाजूनं, द्वुगी तार्गवर शिरा. डावी-उजवीकडे व्यापाऱ्यांची घरं, मध्ये १६३३ पासूनचं नेपच्यूनचं कारंजं, मागं आर्थर दालन. आत कौलासारख्या चकाकत्या फरशांचा साडेदहा मीटर उंच शेगडी-बुरुज आहे, तो बघा. चौकात तापमान दाखवणारा एक खांब आहे, तो फॅरनहाइटच्या आठवणीचा. डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट याच गावात १६८६ मध्ये जन्मला. त्याचे आईबाप विषारी अळंबी खाऊन एकाच दिवशी गेले आणि पंधराव्या वर्षी पोराला अ‍ॅमस्टरडॅमला धंदा शिकायला पाठवलं. जगानं सेल्सिअस घेतला, पण आपल्या घरात पोराला ताप आला की आई अजून 'एकशे दोन आहे' म्हणते, ते या गावच्या माणसाच्या मापानं. उपनिषदांवर जीव टाकणारा तत्त्वज्ञ शोपेनहाउअरही इथलाच, १७८८ चा.

आता खरी गोष्ट. यातलं जवळजवळ काहीच तेवढं जुनं नाही. मार्च १९४५ मध्ये या भागाच्या दहांतल्या नऊ इमारती जमीनदोस्त झाल्या. जर्मन रहिवासी पळाले किंवा हाकलले गेले, आणि विल्नो (आजचं व्हिल्नियस), ल्वूफ (आजचं ल्विव्ह) इकडून विस्थापित झालेले पोलिश लोक इथं आले. त्यांनी शहर पुन्हा उभं केलं, पण आपल्याला हवं तसं. प्रशियाच्या, म्हणजे जर्मन राजवटीच्या, काळातलं बरंच गाळलं, डच-फ्लेमिश थाटाचं ठेवलं. दर्शनी भिंत सतराव्या शतकाची आणि मागं १९५० च्या दशकातले कामगारांचे फ्लॅट. पटत नसेल तर कुठल्याही बोळातून घरांच्या मागं जा. मोकळं आवार, गवत, झोका, वाळत घातलेले कपडे, सायकली. पूर्वी या जागी दाटीवाटीची मागची घरं होती, ती मुद्दाम बांधलीच नाहीत. काही लोक याला नकली म्हणतात. मला नाही वाटत. बोटीचा प्रत्येक पत्रा बदलला तरी नाव आणि कागद तेच राहतात.

राष्ट्रीय संग्रहालयात पंधराव्या शतकातला चित्रकार मेमलिंग याचं 'अंतिम न्याय' हे तीन फळ्यांचं चित्र आहे. ते इथं विकत आलं नाही. १४७३ मध्ये पाउल बेनेके नावाच्या इथल्या खासगी लढाऊ कप्तानानं समुद्रात एक जहाज पकडलं, त्यावर ते होतं. पुढं नेपोलियनची माणसं पॅरिसला घेऊन गेली, नंतर सोव्हिएत लेनिनग्राडला. दोन्ही वेळा परत आलं. ज्याच्याकडून मूळ लुटलं त्याच्याकडे मात्र कधीच गेलं नाही.

तिसरा दिवस: गोदीचं दुसरं गेट

अर्धा दिवस ठेवा, जास्तच लागेल. स्टेशनपासून चालत जाता येतं. आधी तीन उंच क्रूस दिसतील, ४२ मीटरचे, त्यांवर नांगर टांगलेले. डिसेंबर १९७० मध्ये सरकारनं नाताळच्या तोंडावर अन्नाचे भाव वाढवले, किनाऱ्यावरच्या शहरांत कामगार रस्त्यावर आले आणि गोळीबारात चाळीसहून अधिक माणसं मेली. ग्दान्स्कचे कामगार तर गोदीच्या याच दुसऱ्या गेटमधून बाहेर पडत होते. दहा वर्षं त्यांचं नाव घ्यायची सोय नव्हती.

ऑगस्ट १९८० मध्ये याच गोदीनं, तेव्हा तिचं नाव लेनिन गोदी, आना वालेंतिनोविच या क्रेन चालवणाऱ्या बाईंना नोकरीवरून काढलं, निवृत्तीला पाच महिने उरले असताना. १४ तारखेला संप सुरू झाला. मागण्या दोन प्लायवुडच्या फळ्यांवर रंगानं लिहून गेटवर टांगल्या. एकवीस मागण्या. पहिली, कम्युनिस्ट पक्षापासून आणि मालकापासून स्वतंत्र कामगार संघटना. शेवटची, सगळे शनिवार सुट्टी. मध्ये मांसाची कुपनं, घरासाठीची प्रतीक्षा, बाळंतपणाची रजा. ३१ ऑगस्टला करार झाला आणि वावेंसानं पोपचं चित्र असलेल्या भल्यामोठ्या पेनानं सही केली. पुढं या संघटनेचे, सॉलिडॅरिटीचे, एक कोटीच्या आसपास सभासद झाले. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा लागला, १९८९ मध्ये निवडणूक झाली आणि सॉलिडॅरिटी जिंकली.

शेजारी गंजलेल्या जहाजाच्या भिंतीसारखी दिसणारी इमारत आहे, २०१४ चं युरोपियन सॉलिडॅरिटी केंद्र. गंज मुद्दाम ठेवलाय, पोलादच तसलं आहे. त्या मूळ फळ्या इथं आहेत. रंगाचे ओघळ दिसतात, एका ओळीत जागा कमी पडल्यावर अक्षरं दाबून बसवलेली दिसतात. ज्यानं लिहिलं त्याला घाई होती. युनेस्कोनं २००३ मध्ये त्या आपल्या यादीत घेतल्या.

आणि गोदी? १९९६ मध्ये दिवाळं निघालं. ज्या शेडमध्ये पत्रे कापले जायचे तिथं आता बिअर मिळते. २००९ मध्ये आमच्या बोटीवर येणारा फोरमन संपाच्या वेळी विशीत होता. मी विचारलं, जिंकलात ना? तो म्हणाला, "जिंकलो. मग गोदी गेली." आणि प्रोपेलरच्या शाफ्टचं सील पाहायला वाकला. दुरुस्तीच्या गोद्या मात्र समोरच्या बेटावर अजून जोरात आहेत.

अंबर घेताना

मराठीत याला जुना शब्द आहे, तृणमणी. घासला की गवताची काडी ओढून घेतो म्हणून. ही चार कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांची राळ. मार्यात्स्का रस्त्यावर घरांच्या दगडी ओट्यांखाली तळघरात अंबरची दुकानं आहेत आणि मोठ्या गिरणीत संग्रहालय. आधी संग्रहालय, मग दुकान.

२००९ मध्ये मी धक्क्यावरच्या एका टपरीवरून माळ घेतली, घासाघीस करून, जिंकल्याच्या आनंदात. घरी बायकोनं पेलाभर पाण्यात तीन मोठे चमचे मीठ ढवळलं आणि माळेतला सुटा मणी आत सोडला. मणी टुपकन तळाला गेला. खरा अंबर इतक्या खाऱ्या पाण्यात तरंगतो. काच आणि बरंचसं प्लास्टिक बुडतं. पंधरा वर्षं ती माळ देवघराच्या खिळ्याला होती, मला टोमणा म्हणून.

या वेळी बायको दुकानात शिरली आणि हातवारे करून मीठपाणीच मागितलं. दुकानदारीण हसली, काउंटरखालून तयार पेला काढला आणि वर अतिनील (यूव्ही) प्रकाशाचा दिवाही धरला. त्यात अंबर निळसर उजळतो. मणी तरंगला. तरीही एक विचारा, सलग तुकडा आहे की चुरा दाबून केलेला, कारण दाबलेलाही तरंगतो. भाव वेगळा असतो. प्रमाणपत्र मागा. अगदीच स्वच्छ, एकसारख्या मण्यांच्या माळेपासून लांब राहा.

पोटाचं

'बार म्लेच्नी' शोधा, म्हणजे दूधखानावळ. समाजवादी काळातली स्वस्त जेवणाची सोय. गल्ल्यावर पैसे, खिडकीतून ताट, जेवून झालं की भांडी स्वतः नेऊन ठेवायची. मुख्य रस्त्यावरच एक आहे. पिएरोगी म्हणजे उकडीच्या करंज्या. 'रुस्किए' घ्या, बटाटा आणि पनीरसारखं दही आत. शाकाहारी असाल तर 'बेझ म्येंसा' एवढ्यावर थांबू नका, 'बेस स्कफारेक' हेही म्हणा. नाहीतर बिनमांसाच्या करंज्यांवर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे भुरभुरून येतात. त्यांच्या लेखी ती फोडणी. मासे खाणाऱ्यांनी हेरिंग घ्यावा, आपल्या तारलीचा भाऊबंद, कच्चाच तेलकांद्यात मुरवलेला. तिखट हवं असेल तर घरून चटणी न्या. मी नेली होती.

मनोरा शेवटच्या दिवशी

संत मेरीचं चर्च पहिल्या दिवशी पाहिलंत तरी चढू नका. विटांचं एवढं मोठं चर्च जगात क्वचितच असेल, १३४३ ते १५०२ बांधत होते. चारशेच्या वर पायऱ्या. सुरुवातीचा दगडी जिना गोल आणि इतका अरुंद की वरून कुणी आलं तर एकानं भिंतीला चिकटायचं. गुडघे दुखत असतील तर खाली पंधराव्या शतकातल्या खगोल-घड्याळापाशी बसा. बारा वाजता आकृत्या फिरतात, त्याच्या दहा मिनिटं आधी जागा धरा. बायकोनं तेच केलं.

वरून सगळं एका नजरेत येतं: पायाखाली लाल छपरं, मग क्रेनचं काळं नाक, कोठारं, हिरव्या क्रेन, मेलेल्या नदीचं वळण आणि शेवटी क्षितिजावर कंटेनरच्या क्रेन, काडेपेटीतल्या काड्यांसारख्या. मी आमचा डॉक शोधला. त्यात कुणाचं तरी लाल पोटाचं जहाज उभं होतं आणि मागच्या बाजूला, शाफ्टच्या जागी, वेल्डिंगची ठिणगी दिसत होती. फोटोसाठी दुर्बिणीची लेन्स न्या, साध्या फोनमध्ये ठिणगी येत नाही. उतरताना घाई करू नका, उजवा हात भिंतीला ठेवा. पायऱ्या मधोमध झिजलेल्या आहेत.